स्पेक्ट्रममध्ये जादा मेमरी आहे का, हे प्रोग्रॅमने कसे ओळखावे

क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने एप्रिल १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक बाजारात आणला, तेव्हा तो मेमरीच्या मानाने १६ के आणि ४८ के (के म्हणजे किलोबाइट, १,०२४ बाइट) अशा दोन रूपांत मिळत असे. १२८ के मेमरीचा स्पेक्ट्रम सप्टेंबर १९८५ मध्ये आधी स्पेनमध्ये आला आणि १९८६ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये. त्याच वर्षी अ‍ॅमस्ट्रॅडने सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतला आणि पुढे प्लस-टू, प्लस-थ्री व प्लस-टू-ए ही यंत्रे काढली. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याखाली विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा मात्र ४८ के वर्गातला होता, त्यामुळे आपल्याकडे एखाद्या घरच्या माळ्यावर सापडणाऱ्या यंत्रात जादा मेमरीची अपेक्षा ठेवू नये.

एकच कॅसेट या सगळ्या यंत्रांवर चालावी आणि जिथे जादा मेमरी असेल तिथे तिचा उपयोगही व्हावा, असे ज्याला वाटते त्याच्या प्रोग्रॅमला सुरुवातीलाच आपण कुठे आहोत हे कळले पाहिजे. हा लेख अशा नवशिक्यांसाठी आहे ज्यांना बेसिकची तोंडओळख आहे, पण मशीन कोडला, म्हणजे प्रोसेसरला थेट कळणाऱ्या आकड्यांतल्या आज्ञांना, हात लावलेला नाही. खरे यंत्र नसले तरी अडत नाही. फ्यूज हा एम्युलेटर, म्हणजे आजच्या संगणकावर स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्रॅम, मोफत मिळतो आणि त्यात यंत्राचा प्रकार मेनूतून बदलता येतो, त्यामुळे शिकण्यासाठी तो खऱ्या यंत्रापेक्षाही सोयीचा आहे. लेखातल्या आज्ञा आणि आकडे देवनागरीत दिले आहेत; यंत्रावर अर्थातच त्या त्या आज्ञेची कळ दाबायची आहे. जुन्या ४८ के कीबोर्डवर पोक (मेमरीतल्या पत्त्यावर आकडा लिहिणे), पीक (तिथला आकडा वाचणे) आणि आऊट (पोर्टवर आकडा पाठवणे) या तिन्ही आज्ञा ओ या एकाच कळीवर आहेत, हे लक्षात ठेवले की शोधाशोध वाचते.

आधी मेमरीची मांडणी

स्पेक्ट्रमचा झेड-८० प्रोसेसर एका वेळी ६५,५३६ पत्तेच पाहू शकतो. त्यातले पहिले १६,३८४ पत्ते रॉमकडे, म्हणजे बेसिक ज्यात कायमचे कोरलेले आहे त्या मेमरीकडे, जातात आणि उरलेले ४९,१५२ रॅमला, म्हणजे लिहिता-पुसता येणाऱ्या मेमरीला, मिळतात. ४८ के म्हणतात ते हेच. म्हणजे ४८ के यंत्रातच पत्ते संपलेले आहेत, आणि १२८ के मेमरी एकाच वेळी समोर मांडायला जागाच नाही. यावर काढलेली तोड अशी की, रॅमचे १६ केचे आठ तुकडे करायचे, त्यांना शून्य ते सात असे क्रमांक द्यायचे आणि ४९१५२ ते ६५५३५ या पट्ट्यात त्यांपैकी एका वेळी एकच तुकडा आणून बसवायचा. या तुकड्यांना बँक म्हणतात. १६३८४ पासूनच्या पट्ट्यात कायम बँक ५ असते, कारण पडद्यावरचे चित्र तिथूनच काढले जाते. ३२७६८ पासून कायम बँक २ असते. वरच्या पट्ट्यात कोणती बँक हवी ते ३२७६५ या पोर्टवर, म्हणजे प्रोसेसर इतर भागांशी बोलतो त्या क्रमांकाच्या दारावर, एक आकडा पाठवून सांगायचे असते.

त्या आकड्यातले खालचे तीन बिट म्हणजे बँकेचा क्रमांक. पुढचा बिट, ज्याची किंमत ८ आहे, तो पडदा बँक ५ मधून दाखवायचा की ७ मधून हे ठरवतो. १६ किमतीचा बिट रॉम निवडतो. तो लावला की जुन्या ४८ के बेसिकची रॉम समोर राहते. ३२ किमतीचा बिट एकदा लावला की यंत्र रिसेट करेपर्यंत बँका बदलणे पूर्ण बंद होते, आणि या कुलपाला किल्ली नाही. म्हणून बँक ० हवी असेल तर १६, बँक १ हवी असेल तर १७ असे आकडे आपण पाठवणार आहोत.

हे पोर्ट फक्त लिहिण्यासाठी आहे. सध्या कोणती बँक आहे हे त्याला विचारता येत नाही. उलट १२८ के यंत्रावर ते वाचायला गेले तर त्या क्षणी बसवर, म्हणजे माहिती वाहणाऱ्या तारांवर, जी काही किंमत तरंगत असेल तीच त्यात लिहिली जाते आणि प्रोग्रॅम कोसळतो. म्हणून १२८ के बेसिक शेवटचा पाठवलेला आकडा २३३८८ या पत्त्यावर स्वतःसाठी टिपून ठेवते. हा पत्ता वाचून यंत्र ओळखावे असा मोह बऱ्याच जणांना होतो. ४८ के यंत्रात हाच पत्ता प्रिंटरच्या बफरमध्ये, म्हणजे छापायचा मजकूर तात्पुरता ठेवण्याच्या जागेत, पडतो आणि तिथे काहीही असू शकते. तिथे योगायोगाने १६ सापडला म्हणून यंत्र १२८ के ठरत नाही. आवाजाची एवाय चिप आहे का हे पाहून अंदाज बांधणेही तितकेच कच्चे आहे, कारण ती चिप ४८ के यंत्राला बाहेरून जोडता येते. यंत्राला त्याचे नाव विचारू नये, जे काम करून घ्यायचे आहे तेच करून पाहावे, या एका नियमावर पुढच्या सगळ्या पायऱ्या उभ्या आहेत.

पहिली पायरी: १६ के की ४८ के

स्पेक्ट्रम चालू करताना पडदा क्षणभर काळा होतो आणि त्यावर लाल बारीक उभ्या रेघा चमकून जातात, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. ती यंत्राने स्वतः घेतलेली मेमरीची परीक्षा आहे. रॉममधला कोड वरपासून खालपर्यंत प्रत्येक पत्त्यावर २ लिहितो, आणि पडद्याच्या मेमरीतही तोच २ पडल्यामुळे काळ्यावर लाल रेघा दिसतात. मग तो परत येऊन प्रत्येक पत्त्यातून एकदा एक वजा करतो, तेव्हा शून्य येता कामा नये. दुसऱ्यांदा एक वजा करतो, तेव्हा शून्य आलेच पाहिजे. जिथे हे जमत नाही तिथे रॅम संपली असे धरून तो शेवटचा चांगला पत्ता २३७३२ आणि २३७३३ या दोन घरांत नोंदवतो.

आपल्याला ही नोंद फुकट मिळते. पीक २३७३३ ची किंमत २५५ असेल तर रॅम ६५५३५ पर्यंत आहे, आणि १२७ असेल तर ती ३२७६७ लाच संपते, म्हणजे यंत्र १६ केचे आहे. १२८ के यंत्रातही हीच किंमत २५५ येते, त्यामुळे या परीक्षेने पुढचे काही कळत नाही. पण ती टाळता येत नाही, कारण आपला मशीन कोड ३२७६८ वर बसणार आहे आणि १६ के यंत्रात तो पत्ताच नाही.

दुसरी पायरी: हाताने करून पाहणे

कोड लिहिण्याआधी बँका बदलताना प्रत्यक्ष काय होते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, असे मला वाटते. एम्युलेटरमध्ये १२८ के यंत्र निवडून १२८ बेसिकमध्ये जा आणि प्रिंट यूएसआर ० ही आज्ञा द्या. यूएसआर त्यापुढच्या पत्त्यावरचा मशीन कोड चालवतो. यंत्र ४८ के बेसिकमध्ये उडी घेईल, परंतु बँकांचे दार उघडेच राहील. १२८ के यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या मेनूतला ४८ बेसिकचा पर्याय मात्र या कामासाठी निवडू नका. तो दार बंद करून मगच आत सोडतो.

आता क्लिअर ३२७६७ ही आज्ञा द्या. ही पायरी वगळण्यासारखी दिसते, पण वगळता येत नाही. बेसिक आपला स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते ठेवण्याची चळत, रॅमच्या वरच्या टोकाला ठेवते, आणि ते टोक नेमके आपण बदलणार असलेल्या पट्ट्यात येते. बँक बदलली की स्टॅकही तिच्याबरोबर जातो, आणि प्रोसेसर परतीचा पत्ता शोधतो तेव्हा त्याला तिथे भलतेच काही सापडते. मी पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा क्लिअर विसरलो होतो. पडदा गोठला, आणि त्या संध्याकाळचा बराच वेळ मी पोर्टचा आकडाच चुकला असावा अशा समजुतीने तो पुन्हा पुन्हा तपासण्यात घालवला. क्लिअर ३२७६७ दिल्यावर स्टॅक त्या पत्त्याच्या खाली येतो आणि सुरक्षित राहतो.

नंतर आऊट ३२७६५, २१ आणि त्यापाठोपाठ पोक ४९१५२, २५५ असे द्या. पडद्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची एक बारीक आडवी रेघ उमटेल. २१ म्हणजे १६ अधिक ५, अर्थात बँक ५. ती आता एकाच वेळी दोन ठिकाणी दिसते आहे, खाली पडदा म्हणून आणि वर ४९१५२ पासून. ४८ के यंत्र निवडून हेच केले तर कोपऱ्यात काहीही उमटत नाही.

खरी परीक्षा मात्र दोन बँकांमधली आहे. आऊट ३२७६५, १६ देऊन पोक ४९१५२, ११ करा. मग आऊट ३२७६५, १७ देऊन पोक ४९१५२, २२ करा. शेवटी पुन्हा आऊट ३२७६५, १६ देऊन प्रिंट पीक ४९१५२ विचारा. उत्तर ११ आले तर दुसरी किंमत वेगळ्या बँकेत गेली होती, म्हणजे जादा मेमरी आहे. २२ आले तर दोन्ही वेळा आपण एकाच घरात लिहीत होतो. ४८ के यंत्रात या पोर्टकडे कोणी लक्ष देत नाही, त्यामुळे तिथे आऊट केल्याने काही बिघडत नाही.

तिसरी पायरी: मशीन कोड

हाताने केलेली परीक्षा १२८ बेसिकमधून जशीच्या तशी घेता येत नाही, कारण ते बेसिक स्वतः दोन रॉममध्ये ये-जा करत असते आणि प्रत्येक वेळी २३३८८ मधली आपली नोंद पोर्टवर पुन्हा पाठवते. आपण मांडलेली बँक मध्येच बदलून जाते. म्हणून हे काम इंटरप्ट (प्रोसेसरला ठरावीक वेळाने चालू कामातून बाजूला ओढणारा संकेत) बंद करून एका दमात उरकणारा छोटा मशीन कोड हवा. तो ४३ बाइटचा आहे आणि बेसिकमधून असा बसवता येतो:

५ इफ पीक २३७३३ < २५५ देन प्रिंट "१६ के": स्टॉप
१० क्लिअर ३२७६७: लेट एस = ०
२० फॉर एन = ० टू ४२: रीड बी: पोक ३२७६८ + एन, बी: लेट एस = एस + बी: नेक्स्ट एन
३० इफ एस <> ४९५२ देन प्रिंट "आकडा चुकला": स्टॉप
४० प्रिंट यूएसआर ३२७६८
५० डेटा २४३, १, २५३, १२७, ३३, ०, १९२
६० डेटा ६२, १६, २३७, १२१, ८६, ५४, ८५
७० डेटा ६२, १७, २३७, १२१, ९४, ५४, १७०
८० डेटा ६२, १६, २३७, १२१, १२६, २४५
९० डेटा ६२, १७, २३७, १२१, ११५
१०० डेटा ६२, १६, २३७, १२१, ११४
११० डेटा २४१, ७९, ६, ०, २५१, २०१

ओळ ३० मधली बेरीज टंकलेखनातली चूक पकडण्यासाठी आहे. मशीन कोडमध्ये एक आकडा चुकला तरी यंत्र तक्रार करत नाही, सरळ कोसळते. म्हणून रन देण्यापूर्वी प्रोग्रॅम कॅसेटवर किंवा फाइलमध्ये साठवून ठेवा.

डेटाच्या ओळी मुद्दाम कामाप्रमाणे तोडल्या आहेत. ओळ ५० इंटरप्ट बंद करते, पोर्टचा क्रमांक आणि ४९१५२ हा पत्ता हाताशी घेते. ओळ ६० बँक ० आणते, तिथे जे होते ते उचलून ठेवते आणि त्याजागी ८५ लिहिते. ओळ ७० बँक १ आणते, तिथलेही उचलून ठेवते आणि १७० लिहिते. ओळ ८० बँक ० परत आणून तिथे आता काय आहे ते वाचते आणि उत्तर स्टॅकवर ठेवते. ओळ ९० व १०० उचललेल्या किमती आपापल्या जागी परत ठेवतात, आणि शेवटची ओळ उत्तर बेसिककडे सोपवून, इंटरप्ट चालू करून परत येते. ८५ आणि १७० हे आकडे एकमेकांचे नेमके उलट आहेत. एकात जो बिट शून्य तो दुसऱ्यात एक, त्यामुळे एखादा बिट खराब असला तरी एकाची दुसऱ्याशी गल्लत होत नाही.

परत ठेवण्याचा क्रम मात्र बारकाईने पाहा. आधी बँक १ आणि मग बँक ०, म्हणजे उचलण्याच्या उलट. १२८ के यंत्रात कोणताही क्रम चालला असता. ४८ के यंत्रात मात्र ती दोन्ही एकच घर आहे: पहिल्यांदा उचलली ती मूळ किंमत, आणि दुसऱ्यांदा उचलला तो आपणच लिहिलेला ८५. सरळ क्रमाने परत ठेवले तर शेवटी ८५ तिथेच राहील आणि त्या जागी प्रोग्रॅमचा एखादा भाग आधीच लोड झालेला असेल तर तो बिघडेल. उलट क्रमाने ठेवले तर शेवटचा शब्द मूळ किमतीचा राहतो. १२८ के यंत्रातही उचलून-ठेवण्याला कारण आहे, कारण १२८ बेसिकची रॅम-डिस्क बँक १ मध्ये असते आणि वापरणाऱ्याने तिथे काही साठवलेले असू शकते.

उत्तर ८५ आले तर बँका बदलता येतात. १७० आले तर येत नाहीत. या दोहोंखेरीज तिसराच आकडा आला तर ४९१५२ वर नीट चालणारी रॅमच नाही, असे समजून प्रोग्रॅमने थांबावे.

१२८ के यंत्रावर १७० आले तर

असे होईल, आणि ती चूक नाही. यंत्र मेनूतून ४८ बेसिकमध्ये नेलेले असेल किंवा १२८ बेसिकमध्ये स्पेक्ट्रम ही आज्ञा दिली असेल, तर ३२ किमतीचा बिट लागलेला असतो. पेटीत १२८ के असले तरी तुमच्या प्रोग्रॅमच्या वाट्याला ४८ केच आलेले आहेत, आणि प्रोग्रॅमला हवे असलेले उत्तर तेच आहे. पेटीवरचे नाव वाचून ठरवणारे प्रोग्रॅम नेमके इथेच फसतात. अशा वेळी वापरणाऱ्याला रिसेट करून मेनूतल्या टेप लोडर या पर्यायातून पुन्हा लोड करण्याची सूचना दाखवली तर बरे.

प्लस-थ्री आणि प्लस-टू-ए वर आणखी एक खड्डा आहे. मूळ १२८ के यंत्र पोर्टच्या क्रमांकातले दोनच बिट पाहते, म्हणून त्या काळच्या काही लेखकांनी पूर्ण ३२७६५ न लिहिता आऊट आज्ञेचे आखूड रूप वापरले, ज्यात पोर्टच्या क्रमांकाचा वरचा अर्धा भाग म्हणून पाठवायचा आकडाच जातो. एक-दोन बाइट वाचतात आणि १२८ वर ते चालतेही. प्लस-थ्रीवर मात्र बँक १ साठी १७ असा पाठवला की तो ८१८९ या दुसऱ्याच पोर्टला लागू पडतो, त्यातला सर्वांत खालचा बिट रॉम हटवून तिथे रॅम आणून ठेवतो आणि सगळा खेळ तिथेच आटोपतो. वरच्या कोडमध्ये पूर्ण क्रमांक वापरला आहे. बाइट वाचवण्यासाठी तो बदलू नका.

चौथी पायरी: १२८ केपेक्षा जास्त

बहुतेकांना ही पायरी लागणार नाही. रशियातल्या पेंटागॉन यंत्राच्या वाढवलेल्या आवृत्त्यांत मात्र त्याच पोर्टचे ६४ आणि १२८ किमतीचे बिट वापरून ५१२ केपर्यंत बँका मिळतात, आणि तिथे मोजणी करावी लागते. साध्या १२८ के यंत्रात हे दोन बिट दुर्लक्षिले जातात, म्हणजे तिथे आठव्या क्रमांकाची बँक मागितली तर शून्यच समोर येते.

म्हणून सर्वांत वरच्या बँकेपासून खाली उतरत प्रत्येक बँकेतली मूळ किंमत उचलून तिथे बँकेचा क्रमांक लिहावा, मग पुन्हा वाचत जावे. ज्या बँकेत स्वतःचा क्रमांक सापडेल ती खरी. जिथे खालचा क्रमांक सापडेल ती दुसऱ्याच बँकेची सावली. परत ठेवताना पुन्हा उलट क्रम, खालून वर.

इथे ४९१५२ हा पत्ता चालणार नाही. बँक २ वर आणून ४९१५२ वर लिहिणे म्हणजे ३२७६८ वर लिहिणे, आणि तिथे तर आपला कोडच उभा आहे. त्याचा पहिला बाइट आपण आपल्याच हाताने पुसू. बँक २ वगळली तरी सुटका नाही, कारण साध्या १२८ के यंत्रात दहाव्या बँकेची मागणीही बँक २ वरच येऊन पडते. ५७३४४ हा पत्ता घेतला तर बँक २ मध्ये तो ४०९६० होतो आणि बँक ५ मध्ये २४५७६. दोन्ही ठिकाणी आपला कोड नाही आणि स्टॅकही नाही. बेसिकचा लांब प्रोग्रॅम २४५७६ पर्यंत पोहोचलेला असला तरी इंटरप्ट बंद असताना किंमत बदलून परत ठेवल्याने त्याला धक्का लागत नाही.

उत्तर कसे वापरावे

परीक्षा लोडरमध्ये, म्हणजे बाकीचा प्रोग्रॅम आणणाऱ्या सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, एकदाच घ्यावी, उत्तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवावे आणि त्यावरून कॅसेटवरचा पुढचा कोणता भाग घ्यायचा ते ठरवावे. ४८ के यंत्रावर खेळाचा प्रत्येक टप्पा टेपवरून वेगळा आणावा लागतो, तर १२८ के यंत्रावर सगळे टप्पे सुरुवातीलाच बँकांमध्ये भरून ठेवता येतात. भरताना वेगाचाही विचार करावा: १२८ आणि करड्या प्लस-टू यंत्रात विषम क्रमांकाच्या बँका पडद्याच्या कामामुळे मंदावतात, तर प्लस-टू-ए व प्लस-थ्रीमध्ये चार ते सात. म्हणून घाईचा कोड बँक ० मध्ये ठेवावा, जी कोणत्याच यंत्रात मंदावत नाही, आणि नुसती माहिती बँक १ किंवा ३ मध्ये. बँक ७ शेवटी घ्यावी, कारण १२८ बेसिकचा संपादक आणि प्लस-थ्रीची डिस्क-व्यवस्था आपले काम तिथेच करतात.

तयार झालेला लोडर फ्यूजमध्ये निदान पाच प्रकारे चालवून पाहा. १६ के यंत्रावर तो ओळ ५ ला थांबला पाहिजे. ४८ के यंत्रावर १७०, १२८ के यंत्रावर टेप लोडरमधून ८५, त्याच यंत्रावर ४८ बेसिकमधून १७० आणि प्लस-थ्रीवर ८५ असे आकडे आले पाहिजेत. चौथ्या प्रकारात ८५ दिसला तर दोष बहुधा कोडमध्ये नसून तुमच्या हातात आहे: तुम्ही मेनूऐवजी यूएसआर ० ने आत शिरला आहात.